झिप, रार, सेव्हन-झेडचा पासवर्ड अर्धवट आठवतोय? मग या चुका टाळा

मागच्या दिवाळीत मामेबहीण एक जुना पेनड्राईव्ह घेऊन आली. त्यात एकच सेव्हन-झेड फाईल (झिप, रारसारखीच, फाईली दाबून एकत्र ठेवणारी), 2017 सालची, आणि त्या फाईलमध्ये आमच्या आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग. आजी आता नाही, दुसरी कॉपी कुठेच नाही, आणि पासवर्ड मामेबहिणीला अर्धाच आठवत होता: इंग्रजी अक्षरांत माझीआजी, पुढे कुठलं तरी साल, मध्ये एखादं चिन्ह असेल नसेल. फाईल शेवटी उघडली. पण त्याआधी आमचे चार-पाच दिवस ज्या गोष्टींत गेले त्या तुमच्या जाऊ नयेत म्हणून हे सगळं लिहितेय.

पहिलं म्हणजे मूळ फाईलला हात लावू नका. दोन कॉपी करा, एक बाजूला ठेवा, आणि रिपेअर वगैरे बटणं मूळ फाईलवर दाबूच नका. पार्ट वन, पार्ट टू अशा तुकड्यांत फाईल असेल तर सगळे तुकडे एका फोल्डरमध्ये आहेत ना बघा. आणि मुळात पासवर्डच चुकतोय का तेही बघा, कारण एईएस या मजबूत पद्धतीने लॉक केलेली झिप विंडोजच्या स्वतःच्या एक्सप्लोररमध्ये उघडायला गेलं की बरोबर पासवर्ड टाकूनही नुसती एरर येऊ शकते, तीच फाईल सेव्हन-झिप या प्रोग्राममध्ये निमूट उघडते. आधार ऑफलाइन केवायसीच्या झिपचा शेअर कोड, म्हणजे तिचा पासवर्ड, विसरला असाल तर एवढा खटाटोप करूच नका, नवीन फाईल डाउनलोड करून घ्या.

दुसरी चूक सगळेच करतात. आठवेल तसं टाईप करत सुटायचं आणि काय काय टाकून झालं ते कुठेच लिहायचं नाही. दोन दिवसांनी तेच दहा पासवर्ड परत परत टाकले जातात. वही घ्या आणि पासवर्डपेक्षा त्या दिवसाबद्दल लिहा. फाईल कुठल्या कॉम्प्युटरवर केली, कीबोर्ड मराठीवर होता का, फोनवर केली असेल तर पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल झालं असेल का, पासवर्ड कुठून कॉपी-पेस्ट केला का, कारण पेस्ट करताना शेवटी एक स्पेस चिकटून आली तर ती पासवर्ड आणि पुन्हा पासवर्ड अशा दोन्ही चौकटींत येते आणि प्रोग्राम काहीच तक्रार करत नाही. त्या वर्षीचे मेल, स्वतःलाच पाठवलेले मेसेज, विनरारमध्ये साठवलेले पासवर्ड हेही एकदा चाळून घ्या.

आता खरा मुद्दा, आणि तो आपल्या लोकांना जास्त लागू पडतो. आपण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितो आणि त्याचं एक स्पेलिंग कधीच ठरलेलं नसतं. माझीमधला झ कोणी झेडने लिहितं, कोणी झेडएचने, कोणी जेएचने. शेवटची ई आय किंवा डबल ई. आजीचा आ एक ए किंवा दोन ए, पुन्हा शेवटी आय किंवा डबल ई. म्हणजे माझीचे सहा आणि आजीचे चार, मिळून 24 स्पेलिंग. सगळं स्मॉल, फक्त पहिलं कॅपिटल, की दोन्ही शब्दांचं पहिलं कॅपिटल, असे तीन प्रकार धरले की 72. शब्द आणि साल यांच्यामध्ये काहीच नाही, अ‍ॅट, अंडरस्कोर किंवा हॅश, झाले 288. साल 1930 ते 2017, म्हणजे 88. शेवटी उद्गारचिन्ह असेल किंवा नसेल. एकूण 50,688. ऐकायला खूप वाटतं पण ही यादी एकेक पासवर्ड लावून बघणाऱ्या प्रोग्रामला दिली आणि साध्या लॅपटॉपने सेकंदाला 50 जरी तपासले तरी 17 मिनिटांत संपतं!

याउलट काहीच न आठवता आठ अक्षरांचा कुठलाही पासवर्ड शोधा म्हटलं तर कीबोर्डवरच्या 95 चिन्हांतून सगळी जुळवाजुळव करायची, आणि सेकंदाला दहा हजार धरले तरी 21 हजार वर्षं. म्हणून ब्रूट फोर्स, म्हणजे सगळ्या शक्यता एकामागून एक, लावून रात्रभर लॅपटॉप तापवत ठेवू नका. सेव्हन-झेडमध्ये प्रत्येक पासवर्डवर 5,24,288 वेळा हॅशिंग (उलट न फिरवता येणारी गणिती प्रक्रिया) होतं, रार फाईव्ह या रारच्या नव्या प्रकारात साधारणपणे 32,768 वेळा, ते मुद्दाम हळू केलेलं आहे.

फाईलचा प्रकार बघायला सेव्हन-झिपमध्ये मेथड हा कॉलम आहे. झिप असेल आणि तिथे झिपक्रिप्टो (झिपची जुनी लॉक करायची पद्धत) लिहिलेलं असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण ती पद्धत एली बिहॅम आणि पॉल कोचर या संशोधकांनी 1994 सालीच कमकुवत दाखवली. आतल्या एखाद्या फाईलचे किमान 12 बाइट्स माहीत असले तर बीकेक्रॅकसारखं टूल पासवर्डशिवायही ती उघडू शकतं. पण ती फाईल आत दाबून ठेवलेली असेल तर दाबल्यानंतरचे बाइट्स लागतात, म्हणून तीच मूळ फाईल तुमच्याकडे असेल तर त्याच प्रोग्रामने परत झिप करून बघा. एईएस लिहिलेलं असेल तर हा मार्ग विसरा.

जॉन द रिपर किंवा हॅशकॅट ही पासवर्ड तपासणारी टूल्स वापरणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की करा, जी आम्ही केली नाही आणि अख्खा दिवस गेला. आधी त्याच प्रोग्रामने एक छोटी फाईल माहीत असलेल्या पासवर्डने लॉक करा आणि टूल ती उघडतंय का बघा. आमचं टूल एकही हॅश, म्हणजे फाईलमधून काढलेली ती ओळ जिच्यावर पासवर्ड तपासले जातात, लोड करत नव्हतं. कारण निघालं असं की विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमधून (कमांड टाईप करायच्या खिडकीतून) हॅश फाईलमध्ये वळवला की ती युटीएफ-16 या वेगळ्या अक्षर-पद्धतीत सेव्ह होते, जी टूलला वाचता येत नाही, आणि शिवाय जॉनच्या टूलने हॅशच्या आधी फाईलचं नाव आणि कोलन जोडलं होतं, जे हॅशकॅटला काढून द्यावं लागतं.

आणि कृपा करून फाईल पासवर्ड काढून देणाऱ्या कुठल्याही साईटवर चढवू नका, हॅशही कुठे टाकू नका, सेव्हन-झेडच्या हॅशमध्ये आतल्या डेटाचा तुकडाही असू शकतो. फुकटचे क्रॅक केलेले रिकव्हरी प्रोग्राम तर नकोच. हे सगळं फक्त स्वतःच्या किंवा घरच्यांनी सांगितलेल्या फाईलसाठी, हे वेगळं सांगायला नको.

आमची ती यादी पूर्ण चालली आणि काहीच मिळालं नाही. बहीण रडवेली झाली. मग चहा पिताना तिला आठवलं की ऑफिसच्या लॅपटॉपवर केली होती आणि तिथे दिवसभर सगळे फॉर्म कॅपिटलमध्ये भरायचे असायचे. कॅप्स लॉक! चालू राहिला असेल तर दोन्ही वेळा तोच उलटा पासवर्ड जाणार, आकडे आणि चिन्हं मात्र जशीच्या तशी. सगळी स्पेलिंगं उलटी करून यादी परत लावली आणि बाराव्या मिनिटाला सापडला: पहिलं अक्षर छोटं, बाकी सगळी कॅपिटल, झेडएच, अंडरस्कोर, आजीचं जन्मसाल. फाईल उघडली आणि पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये ओवीच्या आधी आजी विचारतेय, "चालू झालं का गं ते?"