या चुका टाळा: किट क्लोरीन दाखवतंय, तरी पूल हिरवा का?

एप्रिलचा महिना. घरच्या स्विमिंग पूलच्या सकाळच्या टेस्टमध्ये क्लोरीन २ पीपीएम, पीएच ७.४. आकडे चोख आहेत, पण पायरीच्या कोपऱ्यात बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं आणि दोन दिवसांत पाण्यावर हिरवी झाक येते. अशा वेळी बहुतेक घरांत क्लोरीनच्या गोळ्या वाढवल्या जातात. त्याच गोळ्यांनी दुखणं आणखी वाढतं, ते कसं ते आधी पाहू.

हिशोबासाठी ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद पूल धरू. उथळ बाजू ०.९ मीटर, खोल बाजू १.६ मीटर, म्हणजे सरासरी १.२५ मीटर. पाणी ४० घनमीटर, अर्थात ४०,००० लिटर. एका घनमीटरला १ ग्रॅम क्लोरीन म्हणजे १ पीपीएम. त्यामुळे या पुलात १ पीपीएम वाढवायला ४० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं: १० टक्क्यांचं लिक्विड असेल तर ४०० मिली, टीसीसीए ९० (गोळ्यांमधलं ९० टक्के क्लोरीनचं केमिकल) असेल तर साधारण ४५ ग्रॅम. तुमच्या पुलाचे आकडे काढून पंपरूमच्या दारामागे लिहून ठेवा. मगाने किंवा मुठीने अंदाजे टाकणं तिथेच थांबतं.

फक्त गोळ्यांवर पूल चालवणं

बाजारात २०० ग्रॅमच्या ज्या पांढऱ्या गोळ्या मिळतात, त्या टीसीसीएच्या. त्यात क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिड, म्हणजे स्टॅबिलायझर असतो. तो क्लोरीनला उन्हापासून वाचवतो, म्हणून थोडा हवाच. पण क्लोरीन वापरलं जातं आणि स्टॅबिलायझर पाण्यातच राहतो. गोळ्यांतून १० पीपीएम क्लोरीन गेलं की त्यासोबत ६ पीपीएम स्टॅबिलायझर पडतो. उन्हाळ्यात रोज २ पीपीएम लागतं असं धरलं, तर महिन्याला ३६ पीपीएम. मार्च ते मे या तीन महिन्यांत शंभरी पार. बॅकवॉशमध्ये, म्हणजे फिल्टर उलट्या पाण्याने धुताना, थोडा निघून जातो, तेवढाच दिलासा.

स्टॅबिलायझर जितका जास्त, तितकं क्लोरीन त्याच्याशी बांधलेलं राहतं. किटला ते दिसतं, शेवाळावर मात्र त्याचा फारसा असर होत नाही. फ्री क्लोरीन (घाणीशी जुळून निकामी न झालेलं) स्टॅबिलायझरच्या किमान साडेसात टक्के असावं, हा कामाचा हिशोब. स्टॅबिलायझर ४० असेल तर ३ पीपीएम पुरतं, १०० असेल तर साडेसात लागतं. मग २ पीपीएमवर पूल हिरवा होणारच.

याची टेस्ट वेगळी असते. नमुन्यात रिएजंट (टेस्टचं केमिकल) मिसळलं की पाणी दुधाळ होतं. ते नळीत हळूहळू ओतायचं आणि तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की थांबून आकडा वाचायचा. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा ही टेस्ट कराच. आकडा ३० ते ५० मध्ये हवा. १२० आला तर भरवशाचा उपाय एकच, पाणी बदलणं. अर्धं बदललं की ६० उरतो. त्यानंतर रोजचा डोस लिक्विड क्लोरीनचा ठेवा आणि गोळ्या गावाला जातानाच्या चार दिवसांपुरत्या वापरा.

उलट चूकही होते. उघड्यावरचा पूल, फक्त लिक्विड, स्टॅबिलायझर शून्य. भर उन्हात तासाभरात निम्मं क्लोरीन उडून जातं. या ४० घनमीटरच्या पुलाला ३० पीपीएमसाठी १.२ किलो सायन्युरिक ॲसिड लागेल. ते जुन्या मोज्यात भरून रिटर्नच्या (फिल्टरमधून पाणी पुलात परत येतं त्या) तोंडासमोर लटकवा आणि अधूनमधून मोजा दाबत राहा. पूर्ण विरघळून आकडा स्थिर व्हायला आठवडा द्या.

टेस्टच चुकीची घेणं

पिवळा रंग देणारं ओटीओ किट स्वस्त असतं, पण ते एकूण क्लोरीन दाखवतं. घाम-लघवीशी जुळून निकामी झालेलं क्लोरीनही त्यातच मोजलं जातं. गुलाबी रंग देणारं डीपीडी किट घ्या. १ नंबरची गोळी फ्री क्लोरीन दाखवते. त्याच नमुन्यात ३ नंबरची टाकली की एकूण क्लोरीन कळतं. दोन्हींतला फरक ०.४ च्या वर गेला तर पाण्याला शॉक डोस, म्हणजे क्लोरीनचा एकदम मोठा डोस हवा. पुलाला येणारा उग्र 'क्लोरीनचा वास' या निकामी क्लोरीनचाच असतो. तो वास आला म्हणून डोस कमी करणं ही अगदी घरोघरी होणारी चूक आहे. पोहण्याआधी सगळ्यांनी अंघोळ करावी आणि डोक्याला खोबरेल तेल लावून कोणी उतरू नये. एवढ्यानेही क्लोरीनची बरीच बचत होते.

डीपीडीचा एक धोका लक्षात ठेवा. क्लोरीन १० पीपीएमच्या बरंच वर गेलं की रंगच उडतो. गोळी पडताच क्षणभर गुलाबी छटा येते आणि पाणी पुन्हा बिनरंगी होतं. वाचणाऱ्याला वाटतं शून्य आहे आणि तो आणखी क्लोरीन ओततो. शंका आली तर एक भाग पुलाचं पाणी आणि नऊ भाग बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घेऊन टेस्ट करा, आकड्याला दहाने गुणा. नळाचं पाणी घेऊ नका, त्यात क्लोरीन असतं. इतक्या जास्त क्लोरीनमध्ये पीएचचा लाल रंगही जांभळट होतो, तो आकडा धरू नका.

नमुना कोपरभर खोलीवरून, रिटर्नपासून लांब घ्या. नळी त्याच पाण्याने तीनदा विसळा, तोंडावर बोट ठेवून हलवू नका. टेस्टचं पाणी पुन्हा पुलात ओतू नका. रिएजंट दरवर्षी नवं घ्या.

पीएच मागे ठेवणं

पीएच ७.५ ला साधारण निम्मं क्लोरीन जोमदार रूपात असतं, ८ ला जेमतेम पाव. म्हणून आधी पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आणा, मग क्लोरीन. नव्या प्लास्टरच्या किंवा धबधबा लावलेल्या पुलात पीएच सतत वर चढतो.

शिळं लिक्विड, मोरचूद आणि बोअरचं पाणी

लिक्विड क्लोरीन उन्हात आणि उष्णतेत उतरतं. पत्र्याच्या शेडमध्ये मेभर ठेवलेल्या कॅनवर १० टक्के छापलेलं असलं तरी आत तेवढं उरलेलं नसतं. सूर्य मावळल्यावर ३ पीपीएमचा डोस द्या (आपल्या पुलात १.२ लिटर), पंप तासभर चालवा आणि टेस्ट करा. वाढ २ चीच दिसली तर कॅन उतरलेला असू शकतो. छोटे कॅन घ्या, सावलीत ठेवा.

ब्लीचिंग पावडरमधल्या चुन्याने पाणी गढूळ होतं आणि फिल्टर भरतो. मोरचूद शेवाळ मारतो खरा, पण जास्त पडला की भिंतींवर डाग पडतात आणि केसांना हिरवट छटा येते. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन पडताच पाणी तांबूस होतं. त्याला शेवाळ समजून शॉक देत बसू नका. पाणी जड असेल तर कॅल्शियम हायपोक्लोराइट (क्लोरीनचंच आणखी एक केमिकल) टाळा, त्याने जडपणा वाढतो.

ही चूक जिवावर बेतते

टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकमेकांत मिसळले, अगदी एकाच ओल्या मगातून घेतले, तरी आग किंवा स्फोट होऊ शकतो. क्लोरीन आणि ॲसिड एकत्र आले की विषारी वायू निघतो. प्रत्येकाचा मग वेगळा, जागा वेगळी. बादलीत आधी पाणी, मग केमिकल. उलटं कधीच नाही. शॉक दिल्यावर क्लोरीन ५ पीपीएमच्या खाली येईपर्यंत मुलांना पाण्यात सोडू नका.

क्लोरीन नेमकं कुठे जातंय?

सूर्यास्तानंतर टेस्ट करा, आकडा लिहा, पंप चालू ठेवा आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा टेस्ट करा. रात्री ऊन नसतं. तरीही १ पीपीएमपेक्षा जास्त घट झाली तर पाण्यात शेवाळ किंवा सेंद्रिय घाण आहे. रात्री टिकतं आणि दिवसा उडतं, तर स्टॅबिलायझर तपासा.

पाणी बदलायचं ठरलं तर पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामा करू नका. कोकणात जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, त्याच्या दाबाने रिकामा पूल वर उचलला जातो किंवा त्याला तडा जातो. फायबरच्या पुलाला हा धोका जास्त. फूटभर पाणी काढा, भरा, मिसळू द्या, पुन्हा काढा. काढायच्या पाण्यातलं क्लोरीन शून्याजवळ येऊ द्या, मगच ते बागेत सोडा. जोराच्या पावसात पूल भरून वाहिला असेल तर स्टॅबिलायझर आपसूक उतरलेला असतो, तेव्हा ऑक्टोबरचं ऊन पडण्याआधी त्याचीच टेस्ट पहिली करा.