मुंबई-लंडन विमानाचं अंतर आणि वेळ कसा काढायचा

आधी विमानतळ नक्की करा, नुसतं शहर धरून चालत नाही. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड असे बरेच आहेत. आपल्या गोव्यातही दाबोळी वेगळा आणि मोपा वेगळा. तिकिटावरची तीन अक्षरं बघा: मुंबई बीओएम, हीथ्रो एलएचआर, दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स.

अंतर ऑनलाइन लगेच मिळतं, पण एकदा तरी पृथ्वीगोलावर स्वतः मोजाच. मुलांना सोबत घ्या. सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका, तो लांबच्या अंतराला फसवतो. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरं लंडनपर्यंत ताणा आणि तेवढाच दोरा विषुववृत्तावर ठेवून किती अंश भरतात ते बघा. साधारण ६५ भरतील. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणजे एका अंशाला १११ किलोमीटर. ६५ गुणिले १११ म्हणजे ७,२१५. अक्षांश-रेखांशांवरून काटेकोर गणित केलं तरी ७,२१० च्या आसपासच उत्तर येतं.

आता दोरा पुन्हा जागेवर ताणून तो कुठून जातो ते नीट पाहा: कराची, इराण, कॅस्पियनचा दक्षिण भाग, काळा समुद्र, युक्रेन. सगळा खेळ इथे आहे. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना आपली हद्द बंद केली. अशा वेळी विमानाला वळसा घालावा लागतो आणि दोऱ्याचं अंतर हे कमीत कमी अंतर ठरतं.

वेळेसाठी ताशी ९०० किलोमीटर धरा. ७,२०० भागिले ९०० म्हणजे आठ तास. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं यांचा अर्धा तास वाढवा. वरच्या थरातले जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून लंडनला जाताना वारा समोरून आणि येताना पाठीमागून. त्यात वळसा आला की जाताना साडेनऊ-दहा तास सहज लागतात, कधी त्याहून जास्त. परतीचा प्रवास बहुतेकदा लवकर होतो.

शेवटी तिकिटाशी ताळा करा. तिकिटावर प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ असते, त्यामुळे थेट वजाबाकी करू नका. समजा जुलैत मुंबईहून दुपारी १:३० ला निघून हीथ्रोला संध्याकाळी ६:३० ला पोहोचायचं आहे. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं. तिथे ६:३० म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ११. प्रवास साडेनऊ तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक धरा. दुबई किंवा दोहाला विमान बदलायचं असेल तर मधल्या वेळा सोडून द्या. पहिलं निघणं आणि शेवटचं पोहोचणं एवढंच भारतीय वेळेत आणा, थांब्यासकट एकूण वेळ मिळतो.