सायन्स फिक्शन लिहिताय? मग या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे पहिली तीन-चार पानं नुसती माहिती, यान कशावर चालतं, सरकार कुणाचं, युद्ध कधी झालं, आणि हिरो कुठाय तर अजून झोपलेलाच. जग उभं करायला एवढी मेहनत घेतलेली असते ना, मग सगळं सांगून टाकल्याशिवाय राहवत नाही. काहीजण मग तीच माहिती संवादात कोंबतात. "तुला माहितीच आहे, मंगळावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्केच असतं," असं एक इंजिनिअर दुसऱ्या इंजिनिअरला सांगतो. अरे, त्याला माहितीये तर सांगतोयस कशाला!

मी तरी एकच बघतो, ही माहिती पात्राला कुठे अडवते का? अडवत नसेल तर ती तुमच्या वहीतच बरी.

आता मंगळावरून पृथ्वीवर मेसेज पोचायला, ग्रह किती लांब आहेत त्यानुसार, साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. नुसतं एवढंच लिहिलं तर ते जनरल नॉलेज झालं. पण मंगळावरची मुलगी आईशी भांडतीये आणि ग्रह लांब असल्यामुळे एका वाक्याचं उत्तर यायला जवळजवळ पाऊण तास, तोपर्यंत हिने रागात अजून तीन मेसेज सोडलेत, त्यातला एक परत घ्यावासा वाटतोय पण तो प्रकाशाच्या वेगाने निघालाय, त्याला कोण गाठणार? इथे जागा, कथानक, माणूस असं वेगळं काढताच येत नाही.

याच्या उलट चूक म्हणजे स्पेस स्टेशन फक्त पडद्यासारखं मागे लटकवलेलं. स्टेशन काढून तिथे हॉस्टेल टाकून बघा, गोष्ट जशीच्या तशी राहिली तर सरळ हॉस्टेलचीच गोष्ट लिहा की, त्यात वाईट काय.

आणि शेवटी आपल्याच गोष्टीचे नियम मोडू नका प्लीज. चंद्रावर रात्र आपल्या साधारण १४ दिवसांची, तिथल्या तळावरची बॅटरी संपत आलीये, वाचक टेन्शनमध्ये, आणि शेवटच्या पानावर अचानक स्पेअर रिअॅक्टर निघतो! तो हवाच असेल तर आधी कुठेतरी दाखवा आणि चालू करायला कुणालातरी काहीतरी गमवावं लागू दे.

मधेच गोष्ट अडकली की नवा ग्रह, नवा एलियन आणायचा मोह होतो. त्यापेक्षा आहे त्याच पात्राला विचारा, तू बाकीच्यांपासून काय लपवतोयस? बहुतेक वेळा पुढचा सीन तिथूनच निघतो.