सोबतच्या माणसाला आधी खिडकीवर पाठवा

मी बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात सिस्टर आहे. ऊसतोडीच्या टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये परततात, आणि मग हातभर हिरव्या बांगड्या घातलेल्या, वय 'एकोणीस' लिहिलेल्या पण अठराच्या आतच लग्न लावून दिलेल्या वाटणाऱ्या मुली ओपीडीत दिसू लागतात. अशा मुलींशी कसं वागायचं, याबद्दल नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टर पोरींना मी सांगते ते असं.

वय कोण सांगतंय ते बघा. प्रश्न मुलीला, उत्तर सासूचं किंवा कुठल्यातरी 'मामा'चं, आणि मुलगी केसपेपरची कड नखाने कुरतडतेय, तर सावध व्हा. वाद घालू नका. त्या माणसाला औषधाच्या खिडकीवर पाठवा आणि लघवीचा नमुना घ्यायच्या निमित्ताने मुलीला स्वतः घेऊन जा. तेवढ्या पाच मिनिटांत बरंच कळतं. "जबरदस्ती झाली का?" असं थेट विचारलंत तर "नाही"च येणार. "शाळा कितवीला सुटली?" विचारा, वयाचा अंदाज तिथेच येतो. मग "घरी जायची भीती वाटते का?" तिने सांगायला सुरुवात केली की मध्ये बोलू नका, आणि "कोणाला सांगणार नाही" असं वचन तर मुळीच देऊ नका.

ते पाळता येत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलीवर, किंवा मुलावरही, लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना कळवावं लागतं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लग्न झालंय म्हणून यातून सूट नाही. मात्र गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. हे तिला जरूर सांगा, नाहीतर ती भोंदूकडे जाते.

उपचार एफआयआरसाठी अडवू नका. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, तिच्या विश्वासाचं माणूस जवळ ठेवून. दोन बोटांची तपासणी, म्हणजे योनीत बोटं घालून 'संबंधांची सवय' बघणं, कोणी सुचवली तर सरळ नाही म्हणा, वरिष्ठ असले तरी. केसपेपरवर तिचेच शब्द अवतरणात लिहा. 'वागणूक संशयास्पद' असले शेरे तिच्याच विरुद्ध वापरले जातात.

पोलिसांना दिलेल्या पत्राची पोच घ्या, मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर कळवा. पत्रात आशाताईचं, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेचं, नाव विनाकारण घालू नका. तिला त्याच गावात राहायचंय.

आणि पुढच्या तपासणीची तारीख देताना मुकादमाचं, म्हणजे टोळी नेणाऱ्या माणसाचं, नाव आणि साखर कारखाना लिहून घ्या. हंगाम लागला की मुलगी कर्नाटकात गेलेली असते, आणि घरचा म्हणून दिलेला मोबाईल नंबर लागत नाही.