फरक चौकटीच्या कडेवर सापडला

एम.एस्सी.ला असताना भाद्रपदात रत्नागिरीजवळच्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळाच्या पठारावर, आम्ही वनस्पती मोजत होतो. एकाच एक मीटर लांब-रुंद चौकटीतले गेंद, म्हणजे गोल पांढऱ्या फुलांची छोटी रोपं, मी आणि मैत्रिणीने स्वतंत्रपणे मोजले. माझे 212, तिचे 169. पुन्हा मोजले, तरी आकडे जुळेनात. रात्री झोप लागली नाही, कारण सगळा प्रकल्प याच आकड्यांवर उभा होता.

दुसऱ्या दिवशी बोट ठेवून एकेक रोप मोजलं, तेव्हा कळलं. कडेवरची रोपं मी धरत होते, ती सोडत होती. मग नियम केला: डावी आणि वरची कड धरायची, उजवी आणि खालची सोडायची. रोप चौकटीच्या आत की बाहेर, हे फुलावरून नाही, मुळापाशी बघून ठरवायचं. चौकटीला दर 25 सें.मी.वर सुतळी बांधून 16 घरं पाडली, म्हणजे नजर भरकटत नाही. आता फरक दोन-तीन रोपांचाच राहिला.

पण मोठी चूक वेगळीच होती. चौकट आम्ही सीतेची आसवं या फुलांच्या निळ्या-जांभळ्या गालिच्यातच टाकत होतो, उघडा कातळ टाळून. अशाने सडा आहे त्यापेक्षा हिरवा दिसतो. म्हणून 20-20 मीटरच्या दोन टेपा काटकोनात लावल्या आणि चौकट टाकायच्या जागांचे, म्हणजे दोन्ही टेपांवरचे, आकडे आदल्या रात्रीच मोबाइलवर यादृच्छिक (रँडम) काढले. चौकट कोऱ्या कातळावर पडली, तर शून्य लिहायचं. ते शून्य लिहिताना हात अडखळायचा, पण तीही सड्याचीच नोंद आहे.

वहीत पेन्सिलच वापरा. पावसात शाई पसरते. आणि उभं राहायचं ते कातळावर, रोपांवर नाही.