जोसेफस वाचायचा तर वहीत दोन रकाने आखा

जोसेफस हा पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार. त्याला पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. त्याच्या 'ज्यू युद्ध'चा पहिला खंड राजघराण्यांच्या भाऊबंदकीनं भरलाय आणि बहुतेकांचा दम तिथंच तुटतो. खानापूरला माझ्याकडे रविवारी इतिहासात एम.ए. करणारी मुलं-मुली येतात. त्यांना मी थेट तिसऱ्या खंडात, गालील प्रांतातल्या योदफात गावाच्या वेढ्यात उतरवते.

सुरुवातीला एवढी ओळख पुरे. इ.स. 37 मध्ये जेरुसलेममधल्या पुरोहित घराण्यात जन्मलेला योसेफ बेन मत्तित्याहू, म्हणजेच जोसेफस. 66 साली रोमविरुद्ध उठाव झाला तेव्हा गालीलची जबाबदारी त्याच्याकडे आली. 67 साली रोमन सेनापती व्हेस्पासियननं योदफातला वेढा घातला आणि 47 दिवसांत गाव पडलं. जोसेफस चाळीस जणांबरोबर गुहेत लपला. शरण जायचं नाही, एकमेकांच्या हातून मरायचं, असं ठरलं. चिठ्ठ्या टाकल्या. शेवटी तो आणि आणखी एक जण उरला, आणि दोघांनी शरणागती पत्करली. व्हेस्पासियनला त्यानं सांगितलं की तू सम्राट होणार. 69 साली ते खरं झालं आणि याच्या बेड्या तुटल्या. पुढं रोममध्ये घर, नागरिकत्व, तनखा आणि फ्लेव्हियस हे राजघराण्याचं नाव.

इथं पोचल्यावर नंदगडची एक मुलगी ताडकन म्हणाली, "बाई, हा फितूरच की हो!" नंदगडात हा शब्द कुणी हलक्यानं घेत नाही. संगोळ्ळी रायण्णा फितुरीनं पकडला गेला आणि 1831 साली तिथंच फासावर गेला. तिचा राग मला पटला. मी एवढंच विचारलं, "चिठ्ठ्यांची गोष्ट तुला कुणी सांगितली गं?" त्यानंच. गुहेतल्या दुसऱ्या कुणाचा शब्द आपल्यापर्यंत आलेला नाही. स्वतःला बट्टा लावील अशी गोष्ट माणूस का लिहून ठेवतो, हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मग पुढं सरका.

आवृत्तीचं थोडक्यात सांगते. विल्यम व्हिस्टनचं 1737चं इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट मिळतं. वाचायला चालतं, पण संदर्भ शोधताना घोळ होतो. व्हिस्टन खंड, प्रकरण, परिच्छेद असे तीन आकडे देतो. आजचे अभ्यासक नीजे या संपादकाच्या ग्रीक आवृत्तीप्रमाणे दोनच देतात, खंड आणि त्यातला सलग क्रमांक. चिठ्ठ्यांचा प्रसंग व्हिस्टनकडे 3.8.7, तर नीजेकडे 3.387 पासून. लोएब मालिकेच्या पुस्तकांत दोन्ही आकडे असतात, डाव्या पानावर ग्रीक आणि उजव्या पानावर इंग्रजी. त्यातलं जोसेफसचं काम सुरू केलं हेन्री सेंट जॉन थॅकरे यांनी. (1824 साली कित्तूरला मारला गेलेला थॅकरे कलेक्टर निराळा. आमच्याकडे हे आधीच सांगून टाकावं लागतं.)

आता रकाने. डावीकडे 'ज्यू युद्ध', सत्तरच्या दशकात लिहिलेलं. उजवीकडे 'आत्मचरित्र', वीसेक वर्षांनंतरचं. एकच प्रसंग घ्या: गालीलमध्ये त्याला कशासाठी पाठवलं? डाव्या रकान्यात तो सेनापती म्हणून नेमला जातो (2.568). उजव्या रकान्यात दोन पुरोहितांबरोबर जातो, तो लोकांना हत्यारं खाली ठेवायला लावण्यासाठी (28-29). माणूस तोच आणि साल तेच. मधल्या काळात तिबेरियासच्या युस्टस नावाच्या प्रतिस्पर्ध्यानं या युद्धाचा आपला वेगळा इतिहास लिहिला होता आणि आमच्या शहराला उठावात तूच ओढलंस असा ठपका जोसेफसवर ठेवला होता. रोममध्ये बसलेल्या माणसाला हा आरोप परवडणारा नव्हता. अभ्यासक शे कोहेन यांनी 1979 साली या दोन वृत्तांतांचा ताळा तपासणारं पुस्तकच लिहिलं. दुसरे अभ्यासक स्टीव्ह मेसन यांचा भर वेगळा आहे: खरं काय घडलं ते उकरण्याआधी, तो रोममधल्या कुठल्या वाचकासाठी लिहितोय ते बघा. मला दोन्ही हवेत, पण सुरुवात मेसनच्या प्रश्नानं करा.

जेरुसलेममधलं ज्यूंचं मंदिर जळालं, त्या प्रसंगालाही हाच ताळा लावा. 70 साली व्हेस्पासियनचा मुलगा, सेनापती तीतस याच्या मनाविरुद्ध एका सैनिकानं आग लावली, असं जोसेफस म्हणतो. सुल्पिसियस सेव्हेरस हा बराच नंतरचा ख्रिस्ती लेखक नेमकं उलट सांगतो, की तीतसलाच मंदिर नष्ट करायचं होतं. जोसेफसला पोसणारं घराणं तीतसचंच होतं, हे समासात लिहून ठेवा.

आकड्यांवर फार वेळ घालवू नका. वेढ्यात 11 लाख मेले हा त्याचा आकडा अभ्यासक स्वीकारत नाहीत. जागा आणि बांधकामाचं वर्णन मात्र जमिनीशी ताडून बघावं. योदफातच्या उत्खननात रोमनांचे दगडी गोळे, बाणांची टोकं आणि माणसांची हाडं सापडली. मसादा या डोंगरी किल्ल्याभोवतीच्या रोमन छावण्या आजही दिसतात. तिथं 960 जणांनी स्वतःला संपवलं या कथेवर मात्र वाद मिटलेला नाही.

येशूबद्दलचा, जोसेफसच्याच 'प्राचीन इतिहास' या दुसऱ्या ग्रंथातला उतारा (18.63) सगळे आधी विचारतात. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक ओरिजेन म्हणतो की जोसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. चौथ्या शतकात युसेबियस हा ख्रिस्ती इतिहासकार जो उतारा देतो त्यात तो मानताना दिसतो. मूळ मजकुरात ख्रिस्ती हातांनी भर घातली, असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. जोसेफसची हस्तलिखितं ख्रिस्ती लोकांनीच जपली, हे विसरू नका.

माझा जीव खरा अडकतो तो 'प्राचीन इतिहास'च्या चौदाव्या आणि सोळाव्या खंडात. 14.185 पासून आणि 16.160 पासून तो रोमन हुकूम आणि शहरांचे ठराव एकामागून एक उतरवतो. लढाया आवडणारे हे पान उलटतात. तुम्ही इथं आठवडाभर थांबा. आशिया मायनरमधल्या सार्दिस शहराचा ठराव सांगतो की बाजारावरच्या अधिकाऱ्यांनी ज्यूंना चालेल असं अन्न शहरात येईल हे बघावं. तिथल्याच हालिकार्नासस शहराचा ठराव त्यांना रिवाजाप्रमाणे समुद्राकाठी प्रार्थनास्थळं बांधू देतो. ऑगस्टसचा हुकूम म्हणतो की शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि आदल्या दिवशी नवव्या तासानंतर (दुपारी तीनच्या सुमारानंतर), त्यांना कोर्टात हजर राहायला लावू नये. त्यांचे धर्मग्रंथ चोरणाऱ्याची मालमत्ता जप्त व्हावी. शब्बाथ आपल्याला परका नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या बेने इस्राएलांना लोक शनिवार तेलीच म्हणायचे.

हे हुकूम वाचताना इतिहासकार तेसा रॅजॅक यांचा मुद्दा धरून ठेवा: रोमनं ज्यूंना एकदाच दिलेली कायमची सनद अशी काही नव्हती, जिथं तक्रार झाली तिथं तेवढ्यापुरता कागद निघाला. सीमाभागातल्या माणसाला हे फोड करून सांगावं लागत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या सवलतीचं परिपत्रक पुन्हा का निघालं? आधीचं पाळलं नाही म्हणून. आता डाव्या रकान्यात हुकूम काय देतो ते लिहा, आणि उजवीकडे तो निघण्याआधी तिथं काय चाललं असेल. धर्मग्रंथ चोरीला जात होते, तेव्हाच शिक्षा लिहिली गेली. रोमच्या राज्यातला रोजचा ज्यू माणूस या उजव्या रकान्यात भेटतो.

शेवटी 'ज्यू युद्ध' 7.218 उघडा. मंदिरासाठी दिला जाणारा वार्षिक पैसा मंदिर जळल्यावर रोमच्या कॅपिटोलवर, म्हणजे ज्युपिटरच्या देवळाच्या टेकडीवर, द्यायचा, कुठंही राहणाऱ्या ज्यूनं, दोन द्राख्मा. इथं जोसेफस एका वाक्यात उरकतो, म्हणून त्याला बाजूला ठेवून इजिप्तमधल्या एडफूच्या खापरांकडे वळा. फुटक्या मडक्यांच्या तुकड्यांवर या कराच्या पावत्या आहेत, भरणाऱ्यांच्या नावांसकट. मग रोमन चरित्रकार स्वेटोनियस वाचा: हा कर लागू होतो का हे ठरवायला नव्वदीच्या म्हाताऱ्याची सुंता भर सभेत तपासलेली त्यानं तरुणपणी पाहिली होती. नंतर 96 साली आलेल्या नेर्व्हा सम्राटानं या करापायी होणाऱ्या खोट्या तक्रारींचा जाच बंद केल्याचं नाण्यांवर कोरलं. कर मात्र चालूच राहिला.