दोन वर्षांच्या लेकराला म्हातारं करू नका: चारकोल पोर्ट्रेटमधल्या या चुका टाळा

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती डोळ्यांच्या जागेमुळे. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या साधारण मधोमध येतात. लेकराचं कपाळ मोठं, जबडा इवलासा, म्हणून त्याचे डोळे मध्याच्या खाली असतात. नवीन शिकणारी पोरं पाठ केलेलं माप इथेही लावतात.

मीही लावलं होतं. तान्ह्या पोळ्याचा फोटो होता. एका आजीचा दोन वर्षांचा नातू, हातात लाकडी नंदीची दोरी. डोळे मध्यावर घेतले, हसताना गालाला पडलेली घडी कॉम्प्रेस्ड चारकोलनं, म्हणजे दाबून केलेल्या गडद कोळशाच्या कांडीनं, ठळक ओढली, दातांमध्ये रेघा मारल्या. त्याच्या आजीनं चित्र लांब धरून पाहिलं. म्हणाली, "मास्तर, हा आमचा पोट्टा नाही जी, याचा आजा दिसते." खोडून पाहिलं, पण कॉम्प्रेस्डचा काळा निघता निघेना. अख्खं चित्र नव्यानं काढावं लागलं.

तेव्हापासून फोटोवर डोक्याच्या टोकापासून हनुवटीपर्यंत दोरा धरतो, दुमडून मध्य काढतो, मगच कागदाला हात लावतो. सुरुवात काडीच्या मऊ कोळशानं, कारण तो पुसता येतो. गालाची घडी रेघेनं काढत नाही. हलकी सावली देतो आणि मऊ खोडरबरानं उजेड उचलतो. दात म्हणजे एकच उजळ पट्टी. डोळ्यांत काजळ असेल तर काजळ आणि बुबुळ एकाच काळ्यानं भरू नका, नजर मरते. बुबुळावरची चमक कोऱ्या कागदाचीच ठेवा.

फोटोही नीट मागा. मोबाइल तोंडाजवळ नेऊन वरून काढलेल्या फोटोत कपाळ फुगतं, हनुवटी आक्रसते. पोराच्या उंचीला बसून, दोन मीटर मागे सरकून, दाराच्या उजेडात, फ्लॅशशिवाय काढायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर तो डॉक्युमेंट म्हणूनच मागवा.

पेन्सिलीनं गडद आराखडा नको, शिशाच्या चकाकीवर कोळसा बसत नाही.

बोटानं घासू नका. मे महिन्यात बोटाला घाम असतोच, गालावर डाग पडतात. मी सरकी काढलेला घरचा कापूस वापरतो. कूलरसमोरही बसू नका, कागद ओल धरतो.

फोटोचं स्केच करून देणारं अ‍ॅप वापरून त्यावरून गिरवणाऱ्यांना मी शिकवत नाही. फोटोवर आणि कागदावर चौकटी आखून काढा, चालेल. तिथे निदान नजर तरी कामाला लागते.

फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर धरून ठेवणारा स्प्रे, अंगणात, हातभर अंतरावरून, पातळ थरांत मारा. केसांचा स्प्रे नको, कागद पिवळा पडतो. फ्रेम करताना माउंट, म्हणजे चित्र आणि काच यांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा, नाहीतर गालाचा कोळसा काचेला लागतो.